शंभर चौकोन, एक खाट

आमच्या पेणच्या रामवाडीत सध्या जो तो जागा विकतो. दाढी करायला बसलं की न्हावी सांगतो, काका, हायवेला लागून पाच गुंठे आहेत, बघता का. दातांचे डॉक्टर आधी आपल्याला तोंड उघडायला लावतात आणि आपल्याला 'नको' म्हणता येत नाही अशा बेताने प्लॉटची माहिती देतात. अशा गावात मीही जागा विकायला काढली, याचं कुणाला नवल वाटायला नको होतं. पण माझी जागा इंटरनेटवर होती, तिचे शंभर चौकोन होते आणि एका चौकोनाचा वर्षाचा भाव पाचशे रुपये होता. एवढ्या स्वस्त जागेवर पेणमध्ये कुणीही विश्वास ठेवत नाही. काहीतरी वाद असणार, असंच लोक धरून चालतात.

सुरुवात पुंडलिकच्या फोनने झाली. पुंडलिक रोह्याजवळच्या निडी गावचा. धाटावच्या कंपनीत आम्ही एकतीस वर्षं बरोबर काढली. मी स्टोअर्समध्ये, तो प्लँटवर. नाइट शिफ्ट करून सकाळी नांगर धरणारा माणूस, त्याने कधी कुणाकडे काही मागितलं नाही. तो फोनवर आधी पाच मिनिटं पावसाचं बोलला, मग माझ्या गुडघ्यांचं बोलला, आणि मग म्हणाला, "चंद्रावतीची डावी बाजू गेलीय. महिना झाला. उशाला तांदळाची गोण लावून बसवतो, पण ती घसरते. मागनं उचलायची खाट असते ना दवाखान्यात, तशी मिळंल काय? रोह्याच्या कृष्णाबाई तुमच्या वळखीच्या हायत म्हणून विचारलं."

कृष्णाबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. आपल्या घराच्या पुढच्या खोलीत त्या रुग्णांच्या सामानाचं केंद्र चालवतात. कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, हँडल फिरवलं की पाठ उचलणाऱ्या खाटा. गरज असेल त्याने न्यावं, गरज संपली की परत आणावं, पैसा नाही. त्यांची माझी ओळख कशी झाली हा प्रश्न इथे गौण आहे आणि मी त्यावर बोलणार नाही.

मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "खाटा चार हायत, चारी बाहेर." मी पुंडलिकला म्हटलं, मी नवीन घेऊन पाठवतो. तर तो अवघडला. "तुमच्याकडनं नको. घरोब्यात असलं देणं चांगलं नाय. केंद्राची असली तर वापरून परत देता येते." आता आली का पंचाईत. शेवटी मी कृष्णाबाईंना म्हटलं, "मी केंद्राला खाट मिळवून देतो. एक कशाला, तीन देतो." हे वाक्य मी भरात बोललो. माझ्या आयुष्यातली सगळी संकटं भरात बोललेल्या वाक्यांतून आलेली आहेत, असं आमची अनिता म्हणते.

अनिता माझी बायको. तिने सरळ मार्ग सांगितला. "चार घरी जा, वर्गणी मागा, खाट घ्या." मी? एकतीस वर्षं कंपनीचं स्टोअर्स सांभाळलं, एक पाना सहीशिवाय बाहेर जाऊ दिला नाही आणि बाहेर गेलेला पाना परत आल्याशिवाय रजिस्टर मिटलं नाही, तो हैबतराव आता पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणार? वर्गणी देणारा उपकार करतो. जाहिरात देणारा व्यवहार करतो. मी अनिताला हा फरक समजावून सांगितला. ती भाजी निवडत होती आणि निवडतच राहिली.

आमची मुलगी समीक्षा घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिने एका रविवारात पान तयार करून दिलं. दहा ओळी, ओळीला दहा चौकोन, वर नाव 'पेण-रोहा सेवा चौकट'. चौकोनात दुकानदाराने आपली जाहिरात टाकायची, बोट लावलं की त्याचा फोन नंबर दिसणार, पैसे केंद्राला. मला हे इतकं सोपं वाटलं की बाकीचं जग आजवर काय करत होतं, असा विचार मनात येऊन गेला.

पहिला सल्ला शेजारच्या गणेशचा. गणेश जमिनीचा एजंट आहे. तो रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत, त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसून चहा घेतो. पान त्याने गावनकाशा बघावा तसं बघितलं. "काका, लेआउट बरा आहे. पण सरसकट भाव ठेवू नका. कोपऱ्याचे चार वेगळे काढा. वरची ओळ रोड टच समजा, तिला डबल. मधले चौकोन आत पडतात, त्यांना रस्ता कुठून देणार?"

"गणेश, हे इंटरनेट आहे. इथे रस्ता लागत नाही."

"आज लागत नाही," तो म्हणाला. "उद्या समोरचा कंपाउंड घालेल तेव्हा कळेल."

त्याने स्वतः दोन चौकोन घेतले, पण सलग घेतले, कारण सलग तुकड्याला पुढे चांगला भाव येतो. पैसे दिवाळीनंतर देतो म्हणाला. दिवाळीनंतर हा शब्द पुढे मला शंभर वेळा ऐकायचा होता. पेणचे गणपती मुंबई-पुण्याला जातात, तिथून आणखी कुठे कुठे जातात, विसर्जन होतं, पण त्यांचे पैसे काही लवकर गावात परत येत नाहीत. ते येईपर्यंत गावातलं कुणीच कुणाला काही देत नाही. म्हणजे चौकोन भराभर जात होते आणि खाटेचा एक पायसुद्धा हाताला लागत नव्हता.

पुंडलिकचा फोन रोज सात वाजता यायचा. "घाई नाय," तो म्हणायचा, "सहज केला." मग मागून चंद्रावती वहिनींचा आवाज यायचा. आडव्या पडल्या पडल्या त्यांनी घराची सगळी कौलं मोजली होती, दोनशे चौदा, त्यातली तीन फुटलेली, आणि ती बदलल्याशिवाय नवऱ्याला जेवायला मिळू नये असं त्यांचं म्हणणं होतं. मला हसू यायचं आणि फोन ठेवला की वाईट वाटायचं.

आता पहिल्या चौकोनाची गोष्ट सांगतो. तो विकायचा नाही, तिथे गणपतीचा फोटो ठेवायचा, असं मी ठरवलं. दुसऱ्या कुठल्याही गावात हे शहाणपणाचं ठरलं असतं. पेणमध्ये हा निव्वळ वेडेपणा होता आणि साठ वर्षं इथलं पाणी पिऊन मी तो केला. इथे नुसता गणपती असा नसतोच. अमक्याच्या कारखान्यातला गणपती असतो.

सकाळी नऊ वाजता मूर्तिकार प्रणित दारात हजर. "काका, ही मूर्ती कुणाची?"

"गणपतीची."

"ते झालं. पण डोळे बघा. ही आखणी आपल्याकडची नाही." मूर्तीचे डोळे रंगवण्याला इथे आखणी म्हणतात आणि त्यावरून हे लोक मूर्तीचा कारखाना ओळखतात, हस्ताक्षर ओळखावं तसा. प्रणित फोटोकडे बघत असा उभा राहिला की मला त्याला पाणी द्यावंसं वाटलं. "पेणच्या पानावर बाहेरचा गणपती बसवलात, काका."

मी त्याच्याकडचा फोटो लावला. दुपारपर्यंत आणखी दोन कारखानदार आले. एकाने तीन पिढ्यांचा इतिहास सांगितला, दुसरा काहीच बोलला नाही, फक्त बसून राहिला आणि चहासुद्धा घेतला नाही, जे जास्त वाईट. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी अनिता देवघरातून म्हणाली, "मूर्ती नसली की आपण पूजेला सुपारी मांडतो. सुपारी ठेवा." तिच्या पूजेच्या डब्यातल्या सुपारीचा फोटो काढला आणि पहिल्या चौकोनात बसवला. सगळे गप्प झाले. मी कृतार्थ झालो. संध्याकाळी रोह्याहून एका सुपारीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. "पानावर पहिलीच सुपारी दिसते. कुणाच्या दुकानची?" मी म्हटलं, घरच्या डब्यातली. "म्हणजे पाचशे रुपये आम्ही द्यायचे," तो म्हणाला, "आणि पहिला नंबर फुकट्याला."

रोह्याच्या मंडळींचं आणखी एक दुखणं होतं. तिथे पार्लर चालवणारी मनाली सगळ्यांच्या वतीने बोलायला आली. "नावात पेण आधी का?"

मी म्हटलं, "रेल्वेने जाताना पेण आधी लागतं."

"मुंबईहून आलात तर. आम्ही घरातून निघतो तेव्हा रोहाच आधी लागतं."

समीक्षाने पानाचं नाव एक दिवस पेण-रोहा, एक दिवस रोहा-पेण असं करून टाकलं.

या सगळ्यात मला परवान्याची आठवण झाली. कुणी मागितला नव्हता, पण मी नियमाने वागणारा माणूस आहे. गावात जाहिरातीचा फलक लावायला परवानगी लागते, मग आपल्यालाही लागत असेल. एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, पुन्हा तिथे जायची वेळ येते. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फलक उभा कुठे आहे?"

"इंटरनेटवर."

"म्हणजे हद्दीत का हद्दीबाहेर?"

मी म्हटलं, दोन्हीकडे दिसतो. त्यांना माझी दया आली असावी. माणसाला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांना बरं वाटेना, म्हणून दुकानाच्या पाटीचा अर्ज दिला. त्यात 'फलकाची जमिनीपासून उंची' असा रकाना होता. मी घरी येऊन समीक्षाचं टेबल मोजलं आणि दोन फूट पाच इंच लिहिलं. त्या अर्जावर अजून उत्तर आलेलं नाही. आलं तर मला काळजी वाटेल.

तोवर चौकोन भरत आले होते. पण त्यात जाहिराती कुठे होत्या? लोकांनी फ्लेक्सवर लावतात तेच पाठवलं. युवा मंडळाच्या साईराजने आपल्या वाढदिवसाचं पोस्टर दिलं, त्यात तो आणि सव्वीस शुभेच्छुक. चौकोन अंगठ्याएवढा. त्यात ही सत्तावीस माणसं मोहरी सांडल्यासारखी दिसत होती. मंडळ तक्रार घेऊन आलं की दादांचा चेहरा ओळखू येत नाही. शिवाय दादांच्या शेजारच्या चौकोनात कुणाच्या तरी आजोबांचा हार घातलेला फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली. वाढदिवसाला हा शेजार? मी आजोबांना खाली हलवलं तर त्यांची मंडळी चिडली. आजोबा आधी आले होते. मग ते मंगल कार्यालयाच्या बाजूला गेले, तर कार्यालयवाल्याने विचारलं, माझ्याकडे लोकांनी लग्न लावायचं का नाही? मी आजोबांना आठवडाभर हातावर घेऊन फिरत होतो. शेवटी समीक्षा वैतागली. तिने अशी व्यवस्था केली की सुपारी सोडून सगळे चौकोन रोज सकाळी सहाला आपोआप चिठ्ठ्या टाकल्यासारखे जागा बदलतील. तक्रार करायची तर यंत्राकडे करा.

त्याआधी पान बघायला दिवसाला चार माणसं यायची आणि त्यात तीन वेळा मीच असायचो. चौकोन फिरायला लागले आणि सगळं पेण, सगळं रोहा सकाळी उठल्या उठल्या पान उघडायला लागलं. आज आपण कुणाच्या शेजारी? आपल्या वर कोण बसलंय? राशिभविष्य वाचावं तसं. गणेश सांगायचा, आज कोपरा लागला काका, सौदा होणार. आणि या सगळ्या गर्दीत जाहिरात वाचून एक गिऱ्हाईक एका दुकानात गेलं असेल तर शपथ.

मग लोक चौकोन घेत का होते? हे मला अनिताने विचारलं तेव्हा मी म्हटलं, सेवाभाव. ती म्हणाली, "बाजारात जाऊन या." गेलो. मनालीची आई भेटली. ती म्हणाली, "पाचशे लिहिलेत हो आम्ही. समीक्षाच्या लग्नात द्यायचेच होते, ते दिवाळीनंतर इथे देऊ. आहेर धरा." असे एकतीस जण निघाले. आम्हीही त्यांच्या घरच्या लग्नांत आहेर केले होते, वहीत लिहिलेले होते, आणि ही माणसं सरळमार्गी, त्यांना फेड करायची होती. अनिता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलीला अजून स्थळ बघितलेलं नाही आणि आहेर खाटेत गेला. समीक्षा मात्र खूश. ती म्हणाली, "हिशोब मिटला असेल तर लग्न कशाला करायचं?"

इतकं झालं तरी मी खचलो नव्हतो. खचवलं ते निवडणुकीने. नगरपालिकेच्या निवडणुकीचं वारं सुरू होतं आणि एक दिवस साईराजने चौकात गाठून विचारलं, "काका, सरळ सांगा, कुठल्या वॉर्डातून उभे राहताय?" मी हसलो. तो हसला नाही. "पेणचा माणूस, निडीच्या बाईसाठी, रोह्याच्या केंद्राला खाट देतो. का? तुमचं काय?" मी म्हटलं, काही नाही. ते उत्तर वाईट ठरलं. काही नसताना कुणी एवढं करत नाही, म्हणजे नक्कीच उभे राहणार. एका पार्टीचे लोक म्हणाले, हे दुसऱ्या पार्टीचे. दुसऱ्यांनी मला तिसऱ्यांत घातलं. चार दिवसांत सतरा जणांनी चौकोन काढून टाका म्हणून फोन केले आणि पैसे परत मागितले. त्यांतल्या अकरा जणांनी पैसे दिलेलेच नव्हते.

मला फार लागलं. एकतीस वर्षं नोकरीत एक डाग नाही, आणि आता भाजीवाली विचारते, निशाणी काय मिळाली. त्याच संध्याकाळी सातला पुंडलिकचा फोन. आज तो पावसाचंही बोलला नाही. "पाठीला जखम धरलीय," म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, सारखं आडवं ठेवू नका. गोण लावली तर तासभर मी मागं धरून बसतो. पण भात कापायला आलंय." आणि वर म्हणाला, "घाई नाय."

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेलो. कृष्णाबाईंना सांगायचं होतं की माझ्याने होत नाही. त्या पुढच्या खोलीत एकट्याच वॉकरचे रबरी बूच बदलत बसल्या होत्या. खोली जवळजवळ रिकामी. मी म्हटलं, "चार खाटा बाहेर आहेत म्हणालात. कधीपासून?"

"एक चार वर्षं. एक तीन वर्षं. दोन गेल्या साली."

"मग एवढे दिवस कुणी आजारी असतं का? परत का मागत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच आजारी आहे. "हैबतराव, खाट कुणाच्या घरात जाते? फोन करून काय विचारू? कशी हाय तब्येत म्हटलं तर त्यांना वाटंल, गेला काय म्हणून विचारते. आणि गेलाच असंल तर? तेराव्याच्या आधी सामान मागायचं? तेराव्यानंतर तरी कुठल्या तोंडानं मागायचं? आणि त्यांना वाटतं, आपल्या घरात माणूस ज्या खाटेवर गेलं ती दुसऱ्याच्या घरात कशी धाडायची. म्हणून ती र्‍हाते. मी मागत नाय, ते देत नाय. कुणी वाईट नाय त्यात."

त्यांनी रजिस्टर उघडून मला दाखवलं. स्टोअर्सच्या माणसाला रजिस्टर दिसलं की तो बोट फिरवतो. माझं बोट फिरलं. प्रणितचं नाव, खाट. मंगल कार्यालयवाला, खाट. साईराजच्या आईच्या नावावर चाकाची खुर्ची. गणेश, वॉकर. माझे निम्मे जाहिरातदार तिथे होते. मग कृष्णाबाईंनी एकदम पानाच्या खालच्या भागावर हात ठेवला. जरा उशीर झाला होता. मी वाचलं होतं. 'हैबतराव, रामवाडी. कमोडची खुर्ची. परत नाही.'

आता ती ओळख सांगावीच लागेल. दोन वर्षांपूर्वी मी स्कूटरवरून पडलो. स्कूटर उभी होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मांडीपर्यंत प्लॅस्टर, सहा आठवडे. घरात बसायची सोय भारतीय. तेव्हा कृष्णाबाई टेम्पोत खुर्ची घालून स्वतः रामवाडीत आल्या, अनिताला सगळं दाखवलं, पैसे घेतले नाहीत, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो तर म्हणाल्या, लाजायचं काय त्यात, राजालापण बसावं लागतं. प्लॅस्टर निघालं. खुर्ची धुऊन गॅलरीत वाळत ठेवली. अनिताने वर फळी आणि गादी टाकली. मग ती गॅलरीतच राहिली, आणि गेली दोन वर्षं गणेश रोज संध्याकाळी तिच्यावर बसून चहा घेतो.

पाना परत आल्याशिवाय रजिस्टर न मिटणारा माणूस मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मी या सगळ्यांना आजच फोन करतो."

"कुणाला फोन करायचा नाय," कृष्णाबाई म्हणाल्या. आवाज दवाखान्यातला होता. "एकाचंही नाव घ्यायचं नाय. लोकांच्या घरातलं दुःख हाय त्या वहीत."

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. ठीक. माझं नाव तर माझंच होतं. घरी आल्यावर समीक्षाला म्हटलं, पहिल्या चौकोनाखाली एक मोठा चौकोन कर, न हलणारा. मग मी सांगितलं आणि तिने टाइप केलं. 'दोन वर्षांपूर्वी माझा पाय मोडला तेव्हा मी सहा आठवडे कृष्णाबाईंच्या कमोडच्या खुर्चीवर काढले. नंतर ती परत करायची राहिली. उद्या परत करतो आहे. मी कुठल्याही वॉर्डातून उभा नाही. हैबतराव, रामवाडी.' तिने विचारलं, बाबा, कमोड शब्द ठेवायचा? मी म्हटलं, ठेव. रात्री जेवताना अनिताने मला न मागता दुसरा मोदक वाढला, संकष्टी होती म्हणून असेल.

सकाळी सहाला चौकोन फिरले आणि दोन्ही गावांनी आपापले शेजार बघायला पान उघडलं. सात वाजता दूधवाला माझ्या पायाकडे बघून गेला. आठला गणेश आला. तो गॅलरीच्या दारात थांबला आणि खुर्चीकडे बघत राहिला. "काका, हीच का ती?" मी मान हलवली. त्याने चहा उभ्याने घेतला. कप ठेवून म्हणाला, "आईचा वॉकर आहे माझ्याकडे. ती गेल्यापासून दाराआड आहे. बघवत नव्हता म्हणून हलवला नाही." मग आम्ही दोघांनी मिळून खुर्ची आणि वॉकर टेम्पोत चढवला.

रोह्याला कृष्णाबाईंच्या दारात आमच्या आधी दोन रिक्षा उभ्या होत्या. एकीत चाकाची खुर्ची आणि तिच्याशेजारी मान खाली घातलेला साईराज, सव्वीस शुभेच्छुकांशिवाय. मनालीने कुबड्या आणल्या, त्यांवर ती पार्लरचे टॉवेल वाळवत असे. कुणी कुणाला काही विचारलं नाही. अकराच्या सुमाराला प्रणितचा टेम्पो आला. खाट होती, पण तिच्या कठड्यांना पितांबराचा पिवळा आणि शेल्याचा जांभळा रंग लागलेला.

"बाबा हिच्यावर गेले," प्रणित म्हणाला. "दुसऱ्याच्या घरी कशी द्यायची म्हणून ठेवली. मग एकदा सहज मूर्ती ठेवून हँडल फिरवलं. आखणीला पाहिजे तशी मान वर करता येते हो. चार वर्षं सगळ्या मोठ्या गणपतींचे डोळे हिच्यावरच झालेत." त्याचे स्वतःचे डोळे भरले होते. "आता ती कुणाच्या घरी गेली तर चालेल ना?"

कृष्णाबाईंनी खाटेवर हात फिरवला. "चार वर्षं देव निजलेत हिच्यावर," त्या म्हणाल्या. "अजून काय पायजे?" आणि मला म्हणाल्या, "उतरवू नका. तशीच निडीला घेऊन जा."

चौकोनांचे पैसे दिवाळीनंतर आले, काही अजून यायचे आहेत, त्याचं होईल ते होईल. मी सांगतोय त्या दिवशीची गोष्ट. प्रणित, गणेश आणि मी टेम्पो घेऊन निडीला गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुंडलिकने एकट्याने जमेल तेवढं भात कापून झोडून अंगणात वाळत टाकलं होतं. खाट बघून त्याने रंग लागलेल्या कठड्याला हात लावून नमस्कार केला. आम्ही खाट पुढच्या दारासमोर लावली. चौघांनी चादरीसकट वहिनींना उचलून तिच्यावर ठेवलं. त्या फार हलक्या झाल्या होत्या.

पुंडलिक पायथ्याशी बसला आणि हँडल फिरवायला लागला. हळूहळू पाठ उचलली गेली. वहिनींनी आधी आमचे चेहरे बघितले, मग दार बघितलं, मग दाराबाहेर अंगण. दोन महिन्यांनी बघत होत्या. मला वाटलं, आता रडतील.

"अवो," त्या म्हणाल्या, "भातावर कोंबड्या कुणाच्या ह्या?"

"आपल्याच," पुंडलिक म्हणाला.

"मग हाकला की. दोन महिने हेच चाललंय काय हितं?"

तो लगबगीने बाहेर गेला. कोंबड्या त्याला बघूनच पळाल्या होत्या, तरी तो आमच्याकडे पाठ करून अंगणात उभा राहिला आणि बराच वेळ हुश हुश करत होता.